रुमानाच्या आईविषयी थोरलीचं मत

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी असरची नमाज झाली की आमच्या अंगणात चटया पडतात आणि पुस्तकं बाहेर निघतात. आठवडाभर कुणी काय वाचलं, कोण कुठे रडली, कुणी कोणत्या पानाला पुस्तक भिंतीवर भिरकावलं, हे सांगायचा तो वार. आमच्या कानो शहराच्या बाजारातल्या या कादंबऱ्या अंगानं बारीक, पदरात मावतील एवढ्या. मुखपृष्ठावर ओढणी घेतलेली मुलगी, मुलीच्या मागे कुणाची तरी मोटार. गोष्ट दोन-तीन भागांत येते आणि पहिला भाग नेमका अशा जागी तुटतो की वाचणारीचा घास घशातच राहावा.

वाचतो आम्ही सगळ्याच, पण मत असणारी बाई एकच, ती थोरली. बाकीच्यांना नुसतं वाटतं.

थोरली म्हणजे घरधन्याची पहिली बायको. मी दुसरी. मी तिला याया म्हणते, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. ती मला नवरी म्हणते. एकवीस वर्षं झाली, केसांत पांढरं उतरलं, उठता-बसता गुडघे वाजतात, तरी मी नवरीच. माझ्यानंतर या घरात कुणी आली नाही, म्हणून ते नाव माझ्याच गळ्यात राहिलं.

थोरली तिशीत अक्षर शिकली, बायकांच्या दुपारच्या वर्गात, मांडीवर पाटी आणि पाठीवर मूल घेऊन. इतक्या उशिरा मिळालेलं अक्षर ती वाया जाऊ देत नाही. ओळ न् ओळ निवडते, डाळीतला खडा निवडावा तशी. एका कादंबरीतली नायिका पाचदा बेशुद्ध पडली, तर थोरली म्हणाली, लिहिणारीला पुढचं सुचेना की ही पडते, सुचलं की उठते. दुसऱ्या एकीत नायक जिथे तिथे मोटारीनं येतो, तर हिनं विचारलं की या गृहस्थाला पाय दिलेत की नाही. आणि प्रत्येक तिसऱ्या पुस्तकात सवत जादूटोणा करते, तिथे आली की थोरली चष्म्यावरून माझ्याकडे बघते आणि म्हणते, हिला हंडा घासायला वेळ मिळत नाही, ही टोणा कधी करणार. बायका हसतात. मीही हसते. एकवीस वर्षं हसतेय.

घरोघर कापड आणि पुस्तकं विकत फिरणारी हाजिया डेलू, तिचासुद्धा जीव थोरलीच्या तोंडाकडे लागलेला असतो. थोरली 'बरं आहे' म्हणाली की तेवढ्यावर तीन गल्ल्या ते पुस्तक मागून घेतात. 'बरं आहे' याच्या वर थोरलीकडे शब्द नाही. खाली मात्र पुष्कळ आहेत.

अशा या बाईच्या थोरल्या मुलीनं, हिंदातूनं, यंदा कादंबरी छापली. आणि थोरलीला मत नाही.

आता यात नवल काय, असं आमच्याकडची कुणीही म्हणेल. पोटच्या पहिल्या लेकराचं नाव आईनं घ्यायचं नाही. चारचौघांत त्याला जवळ घ्यायचं नाही. कौतुक तर त्याच्या सावलीचंही करायचं नाही. लाज धरायची. शहरातल्या तरुण आया हे केव्हाच विसरल्या. पहिलटकरणी पोराला रस्त्यानं मुके घेत नेतात. पण थोरली रानोकडच्या खेड्यातली, आजीच्या हाताखाली वाढलेली. तिनं धरली ती धरलीच. घरधन्याचं नाव मीही घेत नाही, त्यात काही जड नाही, पुरुषमाणूस आहे, सांभाळून घेतो. पण पोर?

मी या घरात आले तेव्हा हिंदातू पाच वर्षांची होती. पहिल्या दिवसापासून मी निरोप्या झाले. त्या तिकडचीला सांग पाय धू म्हणून. तिला भूक लागली असेल, बघ. ती पोर माझ्या खोलीत झोपायची, वेणी मी घालायची, तापात उशाशी मी बसायची. थोरली पडद्यापलीकडे उभी राही. पडदा जमिनीला टेकत नव्हता. खाली तिचे दोन पाय दिसत, मेंदी उडालेले, हलायचं नाव न घेणारे. मी म्हणे, याया, आत ये की. ती म्हणे, मी झाडू शोधतेय. सबंध तापभर ती झाडू शोधत राहिली. मला तेव्हाही राग यायचा. आता वय झालं, रागाचंही वय झालं, पण तो गेला नाही.

तर हिंदातू मोठी झाली, प्राथमिक शाळेत शिकवायला लागली, दोन गल्ल्या सोडून तिचं लग्न झालं, आणि शाळेच्या वह्या तपासता तपासता तिनं 'सातवं दार' लिहिली. पहिला भाग छापून आला. रुमाना नावाच्या मुलीची गोष्ट, जिची आई तिला कधी नावानं हाक मारत नाही. विषय शोधायला लिहिणारीला फार लांब जावं लागलं नाही, हे आमच्या गल्लीतल्या शेळ्यांनाही कळलं असेल.

आणि पुस्तक चांगलं होतं हो. मी म्हणते म्हणून नाही. शेजारची तलातू ते वाचता वाचता चुलीवरचा पिठाचा तुवो करपवून बसली आणि सासूला सांगितलं की पीठच जुनं होतं. समोरच्या घरातल्या झुलईनं तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा मुलाला पाजताना, आणि डोळ्यांतलं पाणी मुलाच्या टाळूवर पडलं म्हणून पुसत बसली. डेलूकडच्या प्रती संपल्या, बायका दुसरा भाग मागायला लागल्या. हे सगळं त्यांनी मला माझ्या खोलीत येऊन सांगितलं, एकेकटीनं, आवाज खाली घेऊन.

दुसरा भाग लिहून तयार होता. चार वह्या, माझ्या वाचून झालेल्या. हिंदातू त्या छापायला देईना.

"इन्नानं वाचलं का?" एवढंच ती विचारायची. आईला ती इन्ना म्हणते, मला आँटी.

वाचलंय, मी सांगायची. मी तिच्या उशीखाली पुस्तक बघितलंय, कोपरे मुडपलेले.

"मग म्हणाली काय?"

इथे माझी पंचाईत. एकदा मी म्हणाले, तिला फार आवडलं. हिंदातूनं माझ्याकडे मुख्याध्यापकासारखं बघितलं. इन्ना 'फार' म्हणत नाही, ती म्हणाली. पुढच्या वेळी मी मेहनत घेतली. सांगितलं, इन्ना म्हणाली की रुमाना विहिरीवर जाते तो भाग डोळ्यांसमोर उभा राहतो. हिंदातू म्हणाली, "आँटी, हे तुझं वाक्य आहे. इन्ना असती तर म्हणाली असती, विहीर आहे तर दोर कुठेय." आणि खरंच, दोर नव्हता. मी परत जाऊन बघितलं.

मग मी थोरलीच्या मागे लागले. म्हटलं, याया, पोरगी झुरतेय. एक शब्द टाक, मी पोचवते, तुझं नाव सांगत नाही. ती तसबीह ओढत राहिली. म्हटलं, बरं, चांगलं नको म्हणू, वाईट म्हण. तिनं मणी ओढला. म्हटलं, पोरीनं दुसरा भाग अडवून ठेवलाय तुझ्या एका शब्दासाठी. त्यावर तिनं मला विचारलं की आज भाजीला कुका आणलाय की भेंडी. अशा बाईबरोबर एकवीस वर्षं संसार केलेल्या बाईला जन्नतमध्ये वेगळी खोली मिळायला हवी, जमिनीला टेकणाऱ्या पडद्याची.

शेवटी मी ठरवलं की शुक्रवारच्या बैठकीत पुस्तक काढायचं. बायका बोलतील, चार चांगले शब्द हवेत उडतील, त्यांतला एखादा थोरलीच्या तोंडून निसटेल. न निसटला तरी हिंदातूच्या कानावर बाकीचे पडतील. तिला मी माझ्या खोलीत पडद्याआड बसवलं. शाळेच्या वह्यांचा गठ्ठा मांडीवर, हातात लाल पेन, आणि पेन काही हलत नव्हतं.

इथे मी चुकले. माझ्यासारखी याच मातीतली बाई चुकली, याचाच मला जास्त राग.

डेलूनं पुस्तक चटईवर ठेवलं आणि तलातूकडे बघितलं. तलातूनं थोरलीकडे बघितलं. थोरली मान खाली घालून सुपातल्या चवळीतले खडे काढत होती. आणि तलातू म्हणाली की पुस्तक तसं काही विशेष नाही. वेळ जातो. झुलई म्हणाली, तिला अर्ध्यातच झोप आली. तिसऱ्यांदा वाचताना आली असेल. मग तलातूला जोर चढला. म्हणाली, भाषा शाळकरी आहे, शिकवणाऱ्या बायकांचं असंच असतं. हाजिया डेलू, जिच्याकडे एकही प्रत उरली नव्हती, ती म्हणाली की खपत नाहीये.

कळतंय मला. थोरलीसमोर तिच्या पहिल्या पोरीचं कौतुक करणं म्हणजे भर अंगणात थोरलीला लाजेनं जमिनीत घालणं. त्या तिचा मान राखत होत्या. प्रत्येकीनं मायेनं एकेक दगड उचलून पुस्तकावर ठेवला. आणि हिंदातूलाही हे कळायला हवं होतं, याच अंगणात वाढलेली ती. पण ज्याचं पुस्तक छापलंय त्याला रीतभात ऐकू येत नाही, नुसते शब्द ऐकू येतात. पडद्याआड कागदांची खसफसही थांबली. मी घसा खाकरून बघितला, डेलूला डोळा घालून बघितला, झुलईच्या पोटरीला चिमटाही काढला. झुलई 'आई गं' म्हणाली आणि पुढे म्हणाली की नायकाचं नावही तिच्या लक्षात राहिलं नाही.

मग सगळ्या थोरलीकडे बघायला लागल्या. बैठकीत शेवटचा शब्द थोरलीचा असतो. ती सूप हलवत राहिली. एक खडा काढून बाहेर टाकला आणि म्हणाली,

"कागद पातळ आहे."

बायका गेल्यावर मी पडदा सारला. हिंदातू उभी होती, ओढणी नीट करत. रडली नव्हती. रडली असती तर मला जमलं असतं, त्याची मला सवय आहे. ती म्हणाली, "आँटी, आसाबेला कागद लागतोच. दुसऱ्या भागाच्या वह्या तिला देते. जाड आहेत." आणि देवडीतून निघून गेली.

आसाबे आमच्या देवडीबाहेर रोज सकाळी कोसाई तळते, भिजवलेल्या चवळीची भजी. शाळेच्या जुन्या वह्या हिंदातूच तिला आणून देते, पुड्या बांधायला. मला वाटलं, बोलली रागात. राग निवला की येईल.

त्या संध्याकाळी मी थोरलीला पुष्कळ बोलले. एकवीस वर्षांचं बोलले. झाडूचं बोलले, पडद्याखालच्या पायांचं बोलले. म्हटलं, ज्यांच्या गोष्टीला शेंडा-बुडखा नाही अशा परक्या बायकांना तू अर्धा-अर्धा तास देतेस, आणि हिला कागद देतेस? तिनं ऐकलं सगळं. शेवटी म्हणाली, नवरी, चवळीत खडे फार निघाले. आणि सूप उचलून आत गेली. मी अंगणात एकटी, समोर बोलायला मडकी. मडक्यांनाही दोन शब्द ऐकवले.

शनिवारी सकाळी देवडीतून हात बाहेर काढून मी कोसाई घेतली, नेहमीसारखी. थोरलीपुढे पुडा ठेवला, शेजारी खिमटीचा वाडगा. तिनं पुडा उलगडला. एक कोसाई उचलली, तोंडापर्यंत नेली, आणि हात तिथेच राहिला.

मी वाकून बघितलं. कागदावर हिंदातूचं अक्षर. पोरगी खरंच वह्या देऊन बसली होती.

थोरलीनं कोसाई वाडग्यात टाकल्या, सगळ्या, खिमटीत. कागद गुडघ्यावर पसरला. तेलानं तो काचेसारखा झाला होता, मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसत होती, त्यांतून ती पुढच्या ओळी निवडत गेली. ओठ हलत होते. खालपर्यंत गेली, कागद उलटला, पुन्हा खालपर्यंत गेली. आणि तिथे वाक्य तुटलेलं. वाचणाऱ्या बाईचा चेहरा अशा वेळी कसा होतो ते मला ठाऊक आहे, माझाही होतो.

ती म्हणाली, "नवरी, कोसाई आण."

मी म्हटलं, वाडग्यात आठ पडल्यात.

"आण म्हटलं ना."

मला कळलं. आणि मला हेही कळलं की आता मी देवडीत जाऊन आसाबेकडून चारही वह्या उचलून आणू शकते, एका वाक्याचं काम. पण माझंही डोकं फिरलेलं होतं. म्हटलं, नाही. हिनं म्हणू दे. माझ्या पोरीची गोष्ट आण, एवढं म्हण, मी धावत जाते. नाहीतर खा कोसाई.

दुसरा पुडा आणला. त्यातलं पान भलतीकडचं निघालं. आसाबे वही मधून फाडते, पिना असतात तिथून. थोरलीनं ते बाजूला ठेवलं आणि म्हणाली, कोसाई. तिसरा आणला. चौथा आणला. आसाबे मला म्हणाली, "बाई, घरी पाहुणे आलेत वाटतं." मी म्हटलं, आलेत, खादाड आहेत. पाचव्या वेळी तिनं मला न विचारताच दोन जादा घातल्या.

घरात कोसाईचा ढीग. घरधनी दुकानाला निघाले होते, त्यांच्या हातात मी एक टोपलं दिलं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. दोन बायकांच्या घरात राहून माणूस शहाणा होतो. थोरली चटईवर पानं लावत बसली होती. कोपऱ्यांवर चवळीचे दाणे ठेवले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. मी समोर बसले. मला भाजून निघाल्यासारखं झालं होतं.

"याया," मी म्हटलं, "तुला पोट आहे की कोठार? एकदा तोंडानं म्हण. वह्या हव्यात म्हण."

ती म्हणाली, "कोसाईला आज मीठ बरं पडलंय."

एकही तोंडात घातली नव्हती तिनं.

मी उठले. हरले मीच, नेहमी मीच हरते. देवडीत जाऊन आसाबेला म्हटलं की वह्या दे. ती म्हणाली मालमानं, म्हणजे शाळेतल्या आमच्या बाईंनी, दिल्यात, फुकट नाही देणार, बदल्यात कागद आण. घरातल्या जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा दिला, तेव्हा तिनं तीन अख्ख्या आणि चौथी फाटकी वही सोडली. आणून थोरलीपुढे टाकल्या. तिनं चष्मा पुसला आणि बसली वाचत.

ऊन अंगणभर फिरलं. दुपारी जुहरची अजान झाली, ती नमाजापुरती उठली, परत बसली. सैपाक मी केला, तिची पाळी असताना.

जेवणवेळ टळून गेल्यावर देवडीत चपलांचा आवाज झाला. हिंदातू. धावत आली होती, ओढणी खांद्यावर. आसाबेच्या चुलीपाशी आधी गेली होती, हे तिच्या बोटांच्या काजळीवरून कळत होतं. आसाबेनं तिला सांगितलं होतं म्हणे, तुझ्या आईच्या घरानं खाऊन टाकल्या.

ती अंगणात आली आणि तिला आई दिसली. आईपुढे चटईभर पानं, तेलकट, कोपऱ्यांवर चवळी.

थोरलीनं मान वर केली नाही. उलट अंग वळवून पाठ केली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "नवरी, हे ज्यानं लिहिलंय त्याला सांग, रुमानाची आई खोटी आहे."

मी हिंदातूकडे बघितलं. ती चार पावलांवर उभी होती. तिला काय सांगायचं, ती बहिरी नव्हती. तरी सवयीनं मी म्हटलं, हिंदातू, इन्ना म्हणते रुमानाची आई खोटी आहे.

"इन्नाला विचार, कुठे खोटी आहे."

"याया, कुठे ते विचारतेय."

असं आमचं चाललं. दोघींच्या मधे मी, इकडे मान, तिकडे मान, जात्याच्या खुंट्यासारखी फिरतेय. थोरलीनं बोट एका पानावर ठेवलं. तिथे रुमानाची वरात निघते. बायका तिला घेऊन देवडीपर्यंत जातात, ती मागे वळून बघते, आई बाहेर आलेली नाही. आई आतल्या खोलीत रुखवताची भांडी मोजत बसलीय, जसं काही झालंच नाही. हिंदातूनं तसं लिहिलं होतं.

"ती भांडी मोजत नव्हती," थोरली म्हणाली.

मी निरोप द्यायला तोंड उघडलं, तोवर हिंदातू बोलून गेली होती, सरळ, आईच्या पाठीला.

"मग काय करत होती?"

थोरलीनं चष्मा काढला.

"मोजायला बसली होती. सत्तावीसपर्यंत जायची आणि चुकायची. रुमाना देवडी ओलांडेपर्यंत तीनदा चुकली. भांडी सगळी एकेचाळीस होती. रुमानाच्या आईला एकेचाळीसपर्यंत मोजता येतं. रुमाना गेली तेव्हा येत नव्हतं."

रुमाना, रुमाना. ते नाव ती असं घेत होती, उन्हातून आलेल्या माणसानं पाणी घ्यावं तसं. त्या नावावर लाज नव्हती, बंधन नव्हतं, ते कुणाच्या बारशाला ठेवलेलं नव्हतं. मी थांबवलं नाही. मला तरी कुठे सुचलं होतं एकवीस वर्षांत.

हिंदातू खाली बसली, आहे तिथेच, मातीत.

"लिहिणारीला कसं कळणार हे?" ती म्हणाली. "दार लावलेलं होतं."

"विचारायचं."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं रुमानाच्या आईनं?"

थोरलीनं पानावरचा एक चवळीचा दाणा उचलला आणि परत ठेवला. मग म्हणाली, "नसतं सांगितलं."

आता मला वाटलं, झालं, आता दोघी रडतील आणि मी पाणी आणायला उठेन. उठलेही. परत येते तो दोघी भांडत होत्या. थोरली म्हणत होती, नायक दोन्ही भागांत बिनकामाचा आहे, नुसता पत्रं लिहितो, त्याला निदान टपालखात्यात तरी लाव. हिंदातू म्हणत होती, सगळ्यांना तोच आवडलाय. थोरली म्हणाली, सगळ्या म्हणजे कोण, त्या झुलईला त्याचं नावही आठवत नाही. विहिरीला दोर नाही. तिसऱ्या प्रकरणात पाऊस पडतो आणि चौथ्यात धूळ उडते, मधे किती महिने गेले ते लिही. रुमाना फार गप्प बसते, तिला बोलायला काय धाड भरलीय. यावर हिंदातू हसली, तिला हसू आवरेना, आणि थोरलीनं पाठ केलेलीच होती, त्यामुळे तिच्या चेहऱ्याचं मला काही सांगता येत नाही.

एक पान सापडत नव्हतं. सकाळच्या कुठल्या तरी पुड्यातून ते दुसऱ्याच घरी गेलं होतं. रुमाना सासरहून पहिल्यांदा माहेरी येते ते पान. थोरलीनं विचारलं, त्यात काय आहे. हिंदातूनं सांगायला सुरुवात केली. थोरली म्हणाली, सांगू नको, लिही, सांगितलेलं मला खरं वाटत नाही. हिंदातूनं लाल पेन काढलं, शाळेतलं, आणि वर्तमानपत्राच्या कडेला लिहायला लागली. थोरली पाठमोरीच बसून राहिली, सूप पुढ्यात ओढून, आणि मधूनमधून म्हणायची, झालं का. हिंदातू म्हणायची, नाही. मोटार नको आणूस त्यात, थोरली म्हणायची. आणत नाही, हिंदातू म्हणायची, पण पत्र आहे एक. थोरली सुपावर हात आपटायची.

मी चुलीपाशी बसले होते. पुढ्यात वीसेक गार कोसाई. मला कुणी काही विचारलं नाही. चारही वह्या पोचवणारी मी, पहिल्या भागाच्या छपाईची चूक न् चूक शोधून देणारी मी, आणि रुमानाच्या गोष्टीत एक आँटी आहे, जाड, बडबडी, उठता-बसता गुडघे वाजणारी. ती दुसऱ्या भागात सतराव्या पानावर मरते, आणि रडायला कुणी नाही. त्याबद्दल माझं मत फार वाईट आहे. मी ते दोघींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

हिंदातू मान वर न करता म्हणाली, "बघते."

थोरली म्हणाली, "नको. ती मरते तो भाग बरा आहे."